पाचव्या चाकाची मर्यादा

(रस्ता सुरक्षा अभियानानिमित्त रुग्णालयाच्या सभागृहात झालेल्या कार्यक्रमात प्रशासकांनी केलेले भाषण)



अशा प्रसंगी डॉक्टरांनी बोलावे आणि प्रशासकाने खुर्च्या, ध्वनिक्षेपक व चहा यांची व्यवस्था पाहावी, असा आपल्याकडील प्रघात आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. हाड कोठे मोडते आणि कसे सांधते, हे सांगण्याचा मला अधिकार नाही. परंतु या वर्षी विश्वस्तांनी आग्रह धरला आणि विषय निवडण्याची मुभा दिली. मी निवडलेला विषय ऐकून आमच्या एका ज्येष्ठ विश्वस्तांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. विषय आहे मोटारीच्या डिकीत, बॅगांच्या खाली, गालिच्याच्या तुकड्याखाली झाकून ठेवलेल्या पाचव्या चाकाचा. त्याला आपण सर्वजण स्टेपनी म्हणतो.

हा विषय मला एका सकाळी माझ्या टेबलावरच सापडला. काही वर्षांपूर्वीच्या जुलै महिन्यातील गोष्ट. दररोज सकाळी माझ्याकडे सहीसाठी येणाऱ्या फायलींत त्या दिवशी एकाच आडनावाच्या, एकाच पत्त्याच्या दोन फायली होत्या. कारकुनाने एकाच रुग्णाची दोनदा नोंद केली असावी, असे समजून मी तसा शेरा मारण्यासाठी लेखणी उचलली होती. मग वय पाहिले. एक रुग्ण ७१ वर्षांचा, दुसरा ३८ वर्षांचा. वडील शस्त्रक्रियेनंतरच्या कक्षात, मुलगा अतिदक्षता विभागात. दोघांच्या दाखल होण्यामध्ये सुमारे साडेचार तासांचे अंतर होते.

त्या कुटुंबाची अनुमती घेऊनच मी हे सांगत आहे. नाव सांगणार नाही. वडील निवृत्त, येथेच बेलापूरमध्ये एकटे राहणारे. रात्री पोटात असह्य कळा सुरू झाल्या, तेव्हा शेजाऱ्यांनी त्यांना आमच्याकडे आणले. आतड्याला पीळ पडला होता, तातडीने शस्त्रक्रिया करणे भाग होते. मुलगा पुण्यास नोकरीला. त्याला आमच्या नोंदणी कक्षातून दूरध्वनी गेला. तो कसा गेला, याविषयी मी पुढे बोलणार आहे, कारण माझ्या दृष्टीने या साऱ्या प्रकरणातील सर्वांत अवघड भाग तोच आहे.

मुलगा पावसातच निघाला. द्रुतगती मार्गाचा घाट उतरून खालापूरचा टोलनाका ओलांडल्यावर पुढचे डावे चाक बसले. भर पावसात, मोबाइलच्या उजेडात त्याने चाक बदलले. डिकीतील चाक बाहेर काढले, तेव्हा ते इतर चाकांपेक्षा अरुंद आहे, हे त्याच्या प्रथमच ध्यानात आले. गाडी घेऊन चार वर्षे झाली होती. त्या चाकाकडे पाहण्याचा प्रसंगच आला नव्हता. चाकावर पिवळी चिकटपट्टी होती आणि तिच्यावर ठळक अक्षरांत ८० हा आकडा होता. तो त्याने वाचला होता. पुढे शुद्धीवर आल्यावर, मी त्याच्या खाटेशी बसलो असताना तो मला म्हणाला, "साहेब, पंधरा-वीस मिनिटे त्या चाकात गेली होती. तेवढी मला भरून काढायची होती. काटा एकशेदहावर होता."

तोटा भरून काढण्याच्या घाईत माणूस दुसरा तोटा ओढवून घेतो, हे मी व्यापाऱ्यांच्या वह्यांत अनेकदा पाहिले आहे. येथे ते रस्त्यावर घडले. पनवेलच्या अलीकडे समोरच्या ट्रकचे लाल दिवे अचानक जवळ आले, त्याने ब्रेक दाबला, ओल्या रस्त्यावर गाडी एका अंगाला ओढली गेली, गोल फिरली आणि दुभाजकाच्या कठड्यावर आदळली. मांडीचे हाड मोडले, प्लीहा फाटली. आसनाचा पट्टा लावलेला होता म्हणून पुढची फाईल उघडता आली, असे आमचे अस्थिरोगतज्ज्ञ म्हणतात.

आता हिशेब करू. तेवढे मला येते. खालापूरपासून आमच्या दारापर्यंत अंतर ढोबळमानाने ४० कि.मी. धरा. ताशी ८० कि.मी. वेगाने ते ३० मिनिटांत कापले जाते, आणि ताशी ११० वेगाने सुमारे २२ मिनिटांत. म्हणजे ही सारी जोखीम जास्तीत जास्त आठ मिनिटांसाठी होती. दुसरी बाजूही मांडू. धावत्या वस्तूतील ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे आपण शाळेत शिकलो आहोत. ८० वरून ११० वर गेल्यास वेग सव्वापटीहून थोडा अधिक वाढतो, पण गाडी थांबवताना ब्रेकला आणि टायरला जी ऊर्जा जिरवावी लागते, ती जवळजवळ दुप्पट होते. नेमके सांगायचे तर १.८९ पट. आणि ही दुप्पट ऊर्जा जिरवण्याचे काम आपण ज्या चाकावर सोपवतो, ते चार चाकांतील सर्वांत अशक्त असते.

हे चाक असे अशक्त का बनवतात, असा प्रश्न मी आमच्या वाहनांची देखभाल करणाऱ्या मिस्त्रींना विचारला, आणि पुढे जे वाचता आले तेही वाचले. पूर्वी गाडीला पाच सारखी चाके मिळत. पाचवे चाक जड असते, डिकीतील जागा अडवते आणि त्याला पैसेही पडतात. म्हणून उत्पादकांनी तात्पुरत्या वापरासाठी अरुंद, हलके चाक काढले. काही टायरांच्या मापाआधी इंग्रजी 'टी' हे अक्षर छापलेले असते. ती तात्पुरत्या टायरची खूण. आपल्याकडील पुष्कळ गाड्यांत तशी खूण नसते, पण चाक मूळ चाकांहून लहान असते आणि त्यावर ८० चा आकडा चिकटवलेला असतो. टायर अरुंद असल्याने रस्त्याला टेकणारा भाग कमी, म्हणून ब्रेकची व वळणावरची पकड कमी. 'टी' खुणेच्या टायरवर खाचाही उथळ असतात. पावसाचे पाणी बाहेर फेकण्याचे काम या खाचा करतात, आणि त्या उथळ असल्या की टायर पाण्याच्या थरावर तरंगू लागतो. चाकाचा व्यास लहान असेल तर एकाच आसावरची दोन चाके वेगवेगळ्या गतीने फिरतात. मग एक बाजू धरते आणि दुसरी सुटते. गाडीतील ब्रेकचा संगणकही प्रत्येक चाकाच्या गतीवरून अंदाज बांधत असल्याने त्याचे गणित बिघडू शकते. त्या रात्री गाडी एका अंगाला का ओढली गेली, हे मला तेव्हा कळले.

उष्णतेचा प्रश्न निराळा आहे. टायर फिरताना प्रत्येक फेऱ्यात दबतो आणि सुटतो. या दबण्यासुटण्याने तो तापतो. वेग वाढला की उष्णता वाढते, आणि हवा कमी असली की ती फारच वाढते. द्रुतगती मार्गावर टायर फुटला की लोक सिमेंटच्या रस्त्याला दोष देतात. मला तो दोष अर्धवट वाटतो. रस्ता सर्वांसाठी सारखाच असतो; त्यावरून जाणाऱ्या टायरमधील हवा, वय, ओझे आणि वेग मात्र ज्याचा त्याचा असतो.

हवेवरून आठवले. 'टी' खुणेच्या अरुंद टायरमध्ये साधारणपणे ६० पौंड हवा भरावी लागते, म्हणजे नेहमीच्या टायरच्या जवळजवळ दुप्पट. पेट्रोलपंपावरील मुलाला साठ भर म्हणून सांगितले, तर तो आपल्याकडे संशयाने पाहतो आणि सवयीने बत्तिसावर थांबतो. पण प्रत्येक लहान स्टेपनीला साठच लागते, असेही समजू नये. चाकावरील चिकटपट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत जो आकडा दिला असेल, तोच खरा. आणि वर्षानुवर्षे न वापरलेल्या चाकातूनही हवा हळूहळू जात असते. त्या तरुणाच्या चाकात किती हवा होती, हे कधीच कळणार नाही; पण चार वर्षांत ती कोणी तपासली नव्हती, हे तो स्वतःच सांगतो.

दसऱ्याच्या दिवशी आपण गाडी धुतो, झेंडूचा हार घालतो, चारही चाकांना हळद-कुंकू लावतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. पाचवे चाक मात्र त्या दिवशीही डिकीतच असते. मी स्वतः अनेक वर्षे असेच केले आहे, म्हणून हे टीका म्हणून बोलत नाही.

स्टेपनी हा शब्द आपल्या भाषेत इतका रुळला आहे, की तो मूळचा कोठला, हा विचारही मनात येत नाही. १९०४ च्या सुमारास वेल्समधील लानेल्ली या गावी स्टेपनी स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर एका कारखानदाराने जादा चाकाची ही युक्ती काढली, आणि रस्त्याचे नाव चाकाला चिकटले. त्या काळच्या मोटारींना जादा चाकच नसे. त्याचे ते चाक म्हणजे आऱ्यांवाचूनची, टायर भरलेली कड होती; पंक्चर झालेल्या चाकाच्या अंगावर ती पकडीने आवळायची आणि दुरुस्तीच्या जागेपर्यंत जायचे. म्हणजे मूळ स्टेपनी हीदेखील तात्पुरतीच होती. मधल्या काळात आपल्याला पाच सारख्या चाकांची सवय लागली आणि तो तात्पुरतेपणा आपण विसरलो.

व्यवहाराच्या भाषेत हे चाक म्हणजे हातउसने पैसे. शेजाऱ्याकडून हातउसने घेतलेल्या रकमेवर कोणी दुकान थाटत नाही. अडलेली गरज भागवायची आणि लवकरात लवकर परत करायचे. या चाकावर जवळच्या दुरुस्तीच्या दुकानापर्यंत जावे, मूळ चाक दुरुस्त करून बसवावे आणि हे परत डिकीत ठेवावे, एवढाच त्याचा करार आहे. ८० ही त्याची कमाल मर्यादा. पावसात, घाटात, गाडी भरलेली असताना त्याहूनही हळू. एकाच वेळी असे एकच चाक लावावे. बऱ्याच गाड्यांत इंजिनाचा जोर पुढच्या चाकांवर असतो. पुढचे चाक बसले, तर शक्य असल्यास मागचे चांगले चाक पुढे घ्यावे आणि लहान चाक मागे लावावे, असे काही उत्पादक सांगतात. पण हे दोनदा चाक बदलण्याचे काम द्रुतगती मार्गाच्या कडेला, रात्री, मुळीच करू नये. सावकाश बाहेर पडून सुरक्षित जागी पोहोचल्यावर पाहावे.

रस्त्याची कड किती धोक्याची असते, हे येथील जुन्या लोकांना सांगायला नको. ५ जून २०१६ रोजी पहाटे शेडुंगजवळ, आपल्या या ठिकाणापासून फार दूर नाही, द्रुतगती मार्गाच्या कडेला एक मोटार चाक पंक्चर झाल्याने उभी होती आणि तिच्या मदतीला दुसरी थांबली होती. साताऱ्याकडून मुंबईला येणारी खासगी बस या गाड्यांवर आदळून खड्ड्यात कोसळली. १७ जणांचे प्राण गेले. मदतीसाठी थांबलेल्या माणसांचा त्यात काय दोष होता? म्हणून मी नेहमी सांगतो, कडेला थांबावेच लागले, तर धोक्याचे दिवे लावा, त्रिकोण बराच मागे ठेवा, मुलाबाळांना आणि वृद्धांना गाडीत किंवा गाडीमागे न ठेवता कठड्याच्या पलीकडे उभे करा, आणि जागा धोक्याची वाटली तर चाकाला हातही न लावता मदत मागवा. चाक फुकट गेले तरी हरकत नाही. संकटात ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक पाठ असावेत. अटल सेतूवर तर थांबण्यास मनाईच आहे. आपल्यापैकी पुष्कळांचा मुंबईचा रस्ता जानेवारी २०२४ पासून तोच झाला आहे. त्यामुळे निघण्यापूर्वी चाकांकडे एक फेरी मारणे, एवढेच आपल्या हाती उरते.

द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्णपणे खुला झाला, तेव्हा आम्हा बेलापूरकरांना पुणे म्हणजे परसदार वाटू लागले होते. त्याच मार्गाने मराठी माणसाला दुःखही पुष्कळ दिले. २००१ मध्ये भक्ती बर्वे गेल्या, डिसेंबर २०१२ मध्ये आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे गेले. त्या अपघातांची कारणे वेगळी होती, त्यांचा संबंध मी आजच्या विषयाशी जोडत नाही. पण रस्त्यावरचे मरण दैवाधीन असते, हा समज मात्र या मार्गानेच खोटा ठरवला आहे. २०१६ मध्ये या मार्गावर १५१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर रस्ते विकास महामंडळ, पोलीस आणि सेव्हलाईफ फाउंडेशन यांनी एकत्र येऊन कठडे, खुणा, उभ्या वाहनांवरची कारवाई, तातडीची मदत अशी कामे हाती घेतली; २०१९ मध्ये हा आकडा ९२ वर आला. २०२० चा आकडा याहून कमी आहे, परंतु ते टाळेबंदीचे वर्ष असल्याने हिशेबात धरू नये, असे माझे मत आहे. ९२ हा आकडाही समाधानाचा नाही, हे वेगळे सांगायला नको.

समृद्धी महामार्गावर डिसेंबर २०२२ पासून वाहने धावू लागल्यावर टायरचा विषय पुन्हा चर्चेत आला. तेथे मोटारींना ताशी १२० ची मर्यादा आहे आणि रस्ता सरळ. परिवहन विभागाने पुढे तेथे टायर तपासणीची मोहीमही घेतली. सुदैवाने टायरचे वय ओळखणे सोपे आहे. टायरच्या अंगावर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३५१९ असे असेल, तर तो टायर २०१९ च्या पस्तिसाव्या आठवड्यात तयार झाला. मोटारीच्या टायरची खाच १.६ मि.मी.च्या खाली गेली, तर तो कायद्यानेच बाद. स्टेपनी पूर्ण मापाची असली, तरी तिचे हे चार आकडे पाहावेत. बहुतेकांची चार चाके दोनदा बदलून झालेली असतात आणि पाचवे गाडीच्या जन्माच्या वेळचेच असते. त्याच्या खाचा नव्यासारख्या दिसतात, पण रबर म्हातारे झालेले असते. घसारा वापराने येतो तसाच काळानेही येतो, हे आमच्या लेखापरीक्षकांना पटवावे लागत नाही.

आणखी एक बदल ध्यानात घ्यावा. जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने नियमांत दुरुस्ती केली. ट्यूबलेस टायर, टायर दुरुस्तीचा संच आणि टायरमधील हवेची सूचना देणारी यंत्रणा गाडीत असेल, तर आता स्टेपनी देण्याची सक्ती नाही. तेव्हा नवी गाडी घेणाऱ्यांनी डिकी उघडून पाहावे. कदाचित तेथे चाकच नसेल. त्या संचातील द्राव भरून पंक्चर बुजवले, तरी बहुतेक उत्पादक तेथेही ८० चीच मर्यादा घालतात.

आता माझ्या स्वतःच्या चुकांकडे वळतो. त्यातील पहिली लहान आहे. संस्थेसाठी एक छोटी मोटार घेताना तीन विक्रेत्यांकडून दरपत्रके मागवून तुलनात्मक तक्ता मी स्वतः केला होता. किंमत, विमा, हमी, इंधन, सेवा, सारे रकाने त्यात होते. पाचव्या चाकाचा रकाना नव्हता. त्या मोटारीने आमच्या परिचारिका दोन वर्षे रायगडमधील शिबिरांना जात होत्या, आणि डिकीत ८० चे चाक आहे, हे चालकालाही कोणी सांगितले नव्हते. त्या अपघातानंतर मी मोटारीला पूर्ण मापाचे पाचवे चाक घेतले. ते डिकीतील खळग्यात मावत नाही, म्हणून औषधांच्या पेट्या एक कमी जातात. शिबिराच्या डॉक्टरांनी याबद्दल माझ्याकडे तक्रारही केली आहे, आणि ती मी नोंदवून ठेवली आहे.

दुसरी चूक म्हणजे त्या रात्रीचा दूरध्वनी. आमच्या नोंदणी कक्षातून मुलाला सांगण्यात आले, की वडिलांची प्रकृती गंभीर आहे, शस्त्रक्रियेच्या कागदांवर जवळच्या नातेवाइकाची सही हवी आणि अनामत रक्कम भरायची आहे, तरी तातडीने निघून या. बोलणारा कर्मचारी उद्धट नव्हता. आमच्या छापील सूचनापत्रकात जे लिहिले होते, तेच त्याने वाचून दाखवले, आणि ते पत्रक माझ्या सहीने निघाले होते. वस्तुस्थिती अशी होती, की शस्त्रक्रिया त्याच्या सहीसाठी थांबणार नव्हती. तो खंडाळ्याच्या पलीकडे होता, तेव्हाच डॉक्टरांनी आपल्या जबाबदारीवर नोंद करून ती सुरूही केली होती. जीव वाचवण्याचे उपचार कोणत्याही औपचारिकतेसाठी अडवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात सांगून ठेवले आहे. धर्मादाय रुग्णालयांना तर मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या २००६ च्या योजनेनुसार तातडीच्या रुग्णाकडे अनामत मागताच येत नाही. ही योजना मला पाठ आहे. दहा टक्के खाटा निर्धनांसाठी, दहा टक्के दुर्बल घटकांसाठी, एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत, हे सारे मी दर महिन्याला धर्मादाय आयुक्तांकडे कळवत असतो. तरीही माझ्याच पत्रकात अनामत हा शब्द राहिला होता आणि तो शब्द घेऊन एक मुलगा पावसात निघाला होता.

तो तरुण मला याबद्दल एक शब्दही बोलला नाही. वडिलांनी मात्र एकदा विचारले. त्यांना आधी तीन दिवस कोणी काही सांगितले नव्हते. मुलगा आला का, असे ते प्रत्येक परिचारिकेला विचारत, आणि आला आहे, खाली आहे, असे उत्तर त्यांना मिळे. ते खोटेही नव्हते. चौथ्या दिवशी त्यांना चाकाच्या खुर्चीतून अतिदक्षता विभागात नेले. परत येताना त्यांनी मला जवळ बोलावले आणि विचारले, "मला इतके झाले होते का हो, की त्याला असे बोलवावे?" मी त्यांना सारे खरे सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. दहाव्या दिवशी वडिलांना घरी सोडले, मुलाला तेविसाव्या दिवशी. त्याला पुढे आणखी एक शस्त्रक्रिया लागली. आज तो काठी न घेता चालतो, किंचित लंगडतो. वडील अजूनही तपासणीला येतात आणि येताना रिक्षाने येतात.

त्या महिन्याच्या विश्वस्त सभेत मी जुने पत्रक आणि नव्याचा मसुदा एकत्र ठेवले. नव्या पत्रकात दूरध्वनी करणाऱ्याने पहिले वाक्य असे म्हणायचे आहे : उपचार सुरू झाले आहेत, आपल्या येण्यासाठी ते थांबलेले नाहीत. दुसरे वाक्य : आपण कोठे आहात, गाडी कोण चालवत आहे? तिसरे : सावकाश या, शक्य असल्यास दुसऱ्या कोणाला चालवू द्या, सही आणि पैसे थांबू शकतात. त्यानंतर प्रकृतीची माहिती डॉक्टर किंवा परिचारिका देतील, नोंदणी कक्ष देणार नाही. आमच्या लेखा विभागाने यावर शंका काढली, की पैसे थांबू शकतात असे आपणच सांगितले तर ते खरोखरच थांबतील. शंका रास्त होती. काही देयके उशिरा आली, हे मी या अहवालातील येणे रकमांच्या पानावर लपवलेले नाही. विश्वस्तांनी मसुदा एकमताने मान्य केला, आणि ही तूट भरून काढण्यास ज्या देणगीदारांनी हातभार लावला, त्यांतील काही आज समोर बसले आहेत. अपघातग्रस्तांच्या बाबतीत तर मे २०२५ पासून केंद्र सरकारची योजना आहे. अपघातानंतर सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, नियुक्त रुग्णालयांत रोख न भरता उपचार मिळू शकतात. जखमीला आणून पोहोचवणाऱ्याला साक्षीच्या किंवा खर्चाच्या त्रासात ओढता येत नाही, याचीही तरतूद २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यात आहे. ती पाटी आमच्या दारावर मराठीत लावली आहे, जाताना कृपया वाचावी.

मी बराच वेळ घेतला. चहा तयार आहे, आणि आज चहाबरोबर आणखी एक व्यवस्था केली आहे. आमचे वाहनचालक आणि शेजारच्या सेक्टरमधील पंक्चर काढणारे एक गृहस्थ हवेचा पंप घेऊन खाली वाहनतळावर थांबले आहेत. त्यांचा पंप साठ पौंडांपर्यंत हवा भरतो, मी स्वतः पाहून खात्री केली आहे. ज्यांच्या गाड्या खाली उभ्या आहेत, त्यांनी डिकीतील सामान बाजूला काढून पाचवे चाक त्यांना दाखवावे. कोणाच्या डिकीत चाकाऐवजी दुसरेच काही निघाले, तर आम्ही त्याची वाच्यता करणार नाही.